जाहिरात लिहून घ्यायला पैसे मोजायचे का? आधी आपला माल मोजू



गेल्या सभेत सुक्या मासळीच्या विक्रीचा विषय निघाला आणि शेवटची वीस मिनिटे नुसता गोंधळ झाला. जाहिरातीचा मजकूर लिहून देणाऱ्या एका माणसाने आपल्याला १८ हजार रुपये सांगितले आहेत. शहरात अशा माणसाला कॉपीरायटर म्हणतात. बचतगटाच्या बायकांचे म्हणणे, "एकदा नीट लिहून घ्या, किती दिवस घरोघरी सांगत फिरायचं?" होडीवाल्यांचे म्हणणे, "चार ओळींना १८ हजार? तेवढ्यात माझी जाळी दुरुस्त होतील." दोघांचेही बरोबर आहे आणि दोघांनीही हिशेब मांडला नव्हता. आम्हीही मांडला नव्हता. म्हणून ठरले की कार्यालयाने हिशेब करून लिहावा, सगळ्यांनी घरी वाचावा आणि पुढच्या सभेत हात वर करावेत.

लेख लांब आहे. पण पैसे आपल्या सगळ्यांचे आहेत, म्हणून सावकाश वाचा. घरात ज्यांना वाचायला त्रास होतो त्यांना वाचून दाखवा.

आधी आमची चूक

जुन्या सभासदांना आठवत असेल, दोन वर्षांपूर्वी आपण एकदा असे पैसे घालवले आहेत. शहरातल्या एका एजन्सीला ९ हजार दिले. त्यांनी फोनवरच दहा मिनिटे बोलून मजकूर पाठवला. आपली मासळी कुठे सुकते, कोण सुकवते, हे बघायला कोणी आले नाही. मजकूर वाचायला गोड होता. समुद्र, लाटा, आजीच्या हातची चव, सगळे होते. खाली एक ओळ होती की हे खारे बांगडे हृदयाला आणि मधुमेहाला गुणकारी आहेत. आम्ही वाचले, छान वाटले, ५०० वेष्टणे छापून घेतली. कोणीही थांबून विचारले नाही की हे खरे आहे का.

पहिला घोटाळा मालाचा झाला. जाहिरात सुटली जूनमध्ये. तेव्हा बंदी सुरू झाली होती, ऊन गेले होते, नवीन सुकवण बंद. ६३ जणांनी मागणी नोंदवली, माल होता २० जणांपुरता. ४३ जणांचे पैसे परत केले. त्यातले बरेच जण पुन्हा कधी आले नाहीत.

दुसरा घोटाळा जास्त वाईट. एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांच्या वडिलांना रक्तदाबाचा त्रास, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेले. पाकिटावर हृदयाला चांगले असे वाचून म्हातारा माणूस रोज जेवणात खारा बांगडा घेत होता. त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. बांगड्यामुळेच झाले असे डॉक्टर म्हणाले नाहीत. पण खारवलेल्या मासळीत मीठ किती असते हे आपल्याइतके कोणाला माहीत? मुलगा शिव्या देत नव्हता, हळू आवाजात एवढेच म्हणाला, "तुम्ही छापलंत, त्यांनी विश्वास ठेवला." उरलेली वेष्टणे त्याच दिवशी जाळली. ओळ एजन्सीने लिहिली होती, पण पाकिटावर नाव आपल्या संस्थेचे होते.

हे मुद्दाम लिहितो आहोत. कारण "लिहून घ्यावे की नाही" एवढाच प्रश्न नाही. काय लिहून घ्यायचे, कधी, कितीला, आणि छापण्याआधी कोण वाचणार, हे सगळे त्यातच येते.

लिहिणारा माणूस नेमके करतो काय?

बऱ्याच जणांना वाटते की तो शब्द सजवतो. चांगला लिहिणारा सजवत नाही, विचारतो. गिऱ्हाईक कोण, ते आज कोणाकडून घेते, आपल्याकडून घेताना त्याला कसली भीती वाटते, एकदा घेतलेले परत का येतात, परत न येणारे का येत नाहीत. मग त्यातली एकच महत्त्वाची गोष्ट निवडून ती पहिल्या ओळीत घालतो, गिऱ्हाइकाच्या शंकांना उत्तर देतो आणि शेवटी काय करायचे ते साफ सांगतो: कुठे फोन करायचा, किती पैसे, कधीपर्यंत.

हे काम आहे आणि कामाला मोल असते. इंजिनाचा मेस्त्री अर्ध्या तासात बिघाड काढतो, म्हणून आपण त्याला अर्ध्या तासाचे पैसे देत नाही. पण मेस्त्री बोलावण्याआधी आपण बघतो ना, टाकीत डिझेल तरी आहे का?

कुठल्या मालाला मजकूर लागतो?

ताज्या मासळीला लागत नाही. रापणीची मासळी किनाऱ्यावरच उचलली जाते, जेटीवरची लिलावात जाते. बांगडा किंवा तारली खूप आली की दर पडतो, कमी आली की चढतो. तिथे चार चांगल्या ओळींनी दर बदलत नाही. ज्यांना आपण ताजी मासळी घरपोच देतो त्यांना सकाळी सात वाजता "आज इसवण, सुंगटे, दर एवढा" एवढा निरोप पुरतो. तो जितका साधा तितका बरा.

सुक्या मासळीचे वेगळे आहे. ती आज नाही तर पुढच्या आठवड्यात विकता येते, लांब पाठवता येते. गिऱ्हाईक ती हातात घेऊन, वास घेऊन बघत नाही, फक्त पाकीट बघते किंवा फोनवरचा निरोप वाचते. म्हणजे आपल्या मावशी बाजारात जे तोंडाने सांगतात, ते तिथे कागदाने सांगावे लागते. मे महिन्यात पुरुमेंताची खरेदी असते. म्हापशाला, मडगावला लोक पावसाळ्याची बेगमी करायला येतात, सुकी सुंगटे, गलमो, खारे बांगडे शोधतात. मुंबई, पुणे, बेळगावात राहणारे आपले लोकही त्याच वेळी मागवतात. मजकुराचा उपयोग झाला तर इथेच होईल.

आपले काही होडीवाले मोसमात पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतात. त्यांनाही एक चांगला फलक उपयोगी पडेल, कारण तो एकदा लिहिला की दोन-तीन वर्षे चालतो. पण तो ज्याचा त्याने आपल्या खर्चाने करावा. संस्थेचा विषय सुक्या मासळीचा.

हिशेब: किती पाकिटे जास्त विकली तर पैसे सुटतील?

सभेत एकाने गणित केले, "३०० रुपयांचं पाकीट, १८ हजार म्हणजे ६० पाकिटं. ६० पाकिटं काय, सहज जातील." नेहमी होणारी चूक हीच आहे. ३०० रुपये आपल्या हातात राहत नाहीत. सुक्या सुंगटांचे २५० ग्रॅमचे पाकीट घ्या:

विक्रीची किंमत: ३०० रुपये
सुंगटे, मीठ, सुकवण्याची मजुरी: १९० रुपये
पाकीट, लेबल, सील: १५ रुपये
दुकानदाराचे कमिशन किंवा कुरियर, सरासरी: ३५ रुपये
हातात राहतात: ६० रुपये

म्हणजे १८ हजार भागिले ६०. उत्तर ३०० पाकिटे. आणि ही ३०० पाकिटे *जास्तीची* हवीत, मजकूर नसता तर विकली गेली नसती अशी. गेल्या मे महिन्यात आपण ४२० पाकिटे विकली. या वेळी ७२० विकली तर लिहिणाऱ्याचे पैसे सुटले, आणि आपल्याला मिळाले शून्य. ७२१ व्या पाकिटापासून आपली कमाई सुरू.

आता दुसरा प्रश्न. ३०० पाकिटे म्हणजे ७५ किलो सुकी सुंगटे. गेल्या जुलैअखेर आपल्याकडे न विकता उरलेला माल होता ३० किलो. म्हणजे १२० पाकिटे. ती सगळी गेली असती तरी ७,२०० रुपये हातात आले असते. जगातला सगळ्यात हुशार लिहिणारा आणला तरी नसलेली सुंगटे तो विकू शकत नाही. विकलीच तर दोन वर्षांपूर्वीच्या जूनसारखे पैसे परत करत बसावे लागेल.

म्हणून आम्ही आमच्यासाठी एक साधा नियम केला आहे. जास्तीचा माल सगळा विकला तर जेवढी शिल्लक राहील, त्याच्या निम्म्याहून जास्त पैसे मजकुराला द्यायचे नाहीत. उरलेला निम्मा भाग आपल्या जोखमीचा, कारण सगळा माल विकला जाईलच असे नाही. एका मोसमाचा विचार केला तर ही मर्यादा ३,६०० रुपये येते. पाकिटावरचा मजकूर दोन मोसम चालणार असेल तर ७,२०० रुपये. १८ हजार कुठल्याच बाजूने बसत नाहीत.

"पण गिऱ्हाईक परत परत येतं ना?"

बचतगटाच्या अध्यक्षबाईंनी हा मुद्दा मांडला होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यांचे म्हणणे असे, की नवीन गिऱ्हाईक एकदाच घेऊन थांबत नाही. दरवर्षी दोन पाकिटे घेतली तर तीन वर्षांत सहा, म्हणजे ३६० रुपये आपल्याला सुटतात. मग फक्त ५० नवीन गिऱ्हाइके मिळाली की १८ हजार वसूल. आणि ५० गिऱ्हाइकांना वर्षाला १०० पाकिटे, तेवढा माल तर आहे.

गणित बरोबर आहे. प्रश्न एवढाच की खरोखर किती जण परत येतात? आम्ही वही काढली. दुकानातून घेणाऱ्यांची नोंद नाही, पण घरपोच घेणाऱ्यांची आहे. त्याच्या आधीच्या मे महिन्यात ६४ जणांनी घरपोच घेतले होते. त्यातल्या २३ जणांनी गेल्या मे महिन्यात परत फोन केला. म्हणजे साधारण तिघांतला एक.

तेच धरून बघा. पहिल्या वर्षी ५० नवीन गिऱ्हाइके, १०० पाकिटे. दुसऱ्या वर्षी त्यातले १७ परत येतील, ३४ पाकिटे. तिसऱ्या वर्षी ६ जण, १२ पाकिटे. एकूण १४६ पाकिटे, ८,७६० रुपये. १८ हजारांच्या निम्मेसुद्धा नाहीत, आणि तेही तीन वर्षांनी.

इथे आम्हाला एक गोष्ट दिसली जी सभेत कोणाच्या लक्षात आली नव्हती. ६४ पैकी ४१ जण परत आले नाहीत. नवीन गिऱ्हाइकासाठी पैसे घालण्याआधी या ४१ जणांना फोन करायला काय हरकत आहे? त्याला मजकूर लागत नाही, फक्त वेळ लागतो. आम्ही आतापर्यंत १९ जणांना फोन केला. काहींनी सांगितले की पाकीट उघडल्यावर सुंगटांत वाळू लागली. काहींनी सांगितले की पाकिटाचे सील नीट नव्हते, पावसात माल ओलसर झाला. दोघी म्हणाल्या, "तुम्ही परत सांगितलंच नाही, आम्हाला वाटलं तुम्ही बंद केलं." पहिल्या दोन तक्रारी कुठलाही लिहिणारा मिटवू शकत नाही. त्यासाठी वाळूवर सुकवणे बंद करून सगळा माल जाळीच्या मांडवावर घ्यावा लागेल, आणि सील करायचे यंत्र दुरुस्त करावे लागेल. तिसरी तक्रार एका निरोपाने मिटते.

अमूलचे उदाहरण सगळे देतात, म्हणून तेही सांगतो. ती आपल्यासारखीच सहकारी चळवळ. आणंदची मूळ संस्था नोंदली गेली १९४६ साली. ठिपक्यांच्या फ्रॉकमधली जी मुलगी सगळ्यांच्या लक्षात आहे, ती जाहिरातीत आली १९६६ साली. मधल्या वीस वर्षांत गावोगावी दूध गोळा करणे, तपासणे, त्याचे लोणी-पावडर करणे, ही घडी बसली होती. जाहिरात बघून गिऱ्हाईक दुकानात गेले तेव्हा लोणी तिथे होते, आणि पुढच्या वेळीही तसेच होते.

लिहायला आपल्याकडे आहे काय?

अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स नावाचा एक नामांकित जाहिरात लिहिणारा होऊन गेला. १९२७ साली आलेल्या आत्मचरित्रात त्याने एक गोष्ट सांगितली आहे. श्लिट्झ नावाच्या बिअर कंपनीचे काम त्याला मिळाले. तेव्हा सगळ्याच कंपन्या "आमची बिअर शुद्ध" एवढेच मोठ्या अक्षरांत छापत. हॉपकिन्स आधी कारखान्यात गेला. तिथे बाटल्या पुन्हा पुन्हा यंत्राने धुतल्या जात होत्या, हवा गाळून घेतलेली होती, पाणी खोल विहिरीचे होते. त्याने मालकांना विचारले, हे लोकांना का सांगत नाही? ते म्हणाले, त्यात काय, सगळेच असे करतात. हॉपकिन्सने तेच लिहिले, कारण करत सगळे होते पण सांगितले कोणीच नव्हते. त्याच्या सांगण्याप्रमाणे थोड्याच महिन्यांत ती बिअर पाचव्या नंबरावरून पहिल्याच्या जवळ गेली.

आपल्याला यातून दोन गोष्टी घेता येतील. एक, जो लिहिणारा किनाऱ्यावर येत नाही त्याला पैसे देऊ नयेत. दोन, जे आपल्याला रोजचे वाटते तेच गिऱ्हाइकाला ऐकायचे असते.

२०१८ च्या जुलैत गोव्यात फॉर्मेलिनचा किती गदारोळ झाला ते विसरला नसाल. सरकारने काही दिवस बाहेरच्या राज्यांतली मासळी आणणेच बंद केले होते. तेव्हापासून शहरातले गिऱ्हाईक विचारते: मासळी कुठली? कधीची? यात काय घातलंय? या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्याकडे आहेत आणि पाकिटावर एकही नाही.

म्हापशाच्या बाजारात बसणाऱ्या आपल्या एका मावशीच्या शेजारी आम्ही शुक्रवारी दोन तास बसलो आणि त्या काय बोलतात ते फक्त लिहून घेतले. एका बाईने खारा बांगडा उलटा करून विचारले, हे पांढरे काय, बुरशी आली का? मावशी म्हणाल्या, "हात लाव गो. खरखरीत लागतं ते मीठ. बुरशी असती तर मऊ लागली असती. रात्री दोन पाण्यांतून काढ, मग भाज." बाईने अर्धा डझन घेतले. दुसऱ्या एका मुलीला सुक्या सुंगटांचे काय करायचे ते माहीत नव्हते. मावशींनी तिला किसमूर कसे करायचे ते अर्ध्या मिनिटात सांगितले: कोरडी भाज, खोबरं, कांदा, तिखट, चिंचेचा कोळ, झालं. तिने पाकीट घेतले.

मजकूर असा असतो. शंका आली, खरे उत्तर दिले, वापर कसा करायचा ते सांगितले. लिहिणाऱ्याला पैसे द्यायचेच असतील तर त्याला आधी मावशींच्या शेजारी बसवू.

काय लिहायचे नाही

दोन वर्षांपूर्वीच्या चुकीनंतर आम्ही कायदा वाचला. प्रत्येकाने एवढे तरी लक्षात ठेवावे:

१. फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. खाद्यपदार्थांच्या फसव्या जाहिरातीसाठी २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यातही १० लाखांपर्यंत दंड आहे. "लिहिणाऱ्याने लिहिले" म्हणून आपली सुटका नाही.

२. कुठलाही आजार बरा होतो, कमी होतो असे लिहायचे नाही. एक शब्दही नाही.

३. "ताजे" हा शब्द सुक्या मासळीवर चालत नाही. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींचे २०१८ चे नियम आहेत. त्याप्रमाणे धुणे, सोलणे, कापणे, थंड करणे अशा मोजक्या गोष्टींपलीकडे प्रक्रिया केलेल्या मालाला ताजे म्हणता येत नाही.

४. "केमिकलमुक्त", "फॉर्मेलिनमुक्त" असे तपासणीचा कागद हातात असल्याशिवाय छापायचे नाही. त्याऐवजी काय केले ते लिहावे: फक्त मीठ लावले, अमुक महिन्यात सुकवले, मांडवावर सुकवले.

५. नाव, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, वापरण्याची मुदत, संस्थेचा पत्ता, अन्न परवान्याचा क्रमांक, मांसाहाराची खूण, सुंगटे खाऊन काहींना ऍलर्जी होते त्याची सूचना, हे लागतेच. त्याला लिहिणारा लागत नाही. हे काम कार्यालयाचे, आणि ते आम्ही करतो.

आधी फुकट करून बघू

आपल्या मुलांपैकी काहींनी फोनवरच्या एआयकडून मजकूर करून दाखवला. भाषा सफाईदार होती. पण त्यात "पिढ्यान्‌पिढ्यांचे गुपित मसाले" होते. आपण मसाला लावतच नाही. त्याला आपला मांडव माहीत नाही, आपण न सांगितलेले ते मनानेच भरते. कच्चा खर्डा म्हणून घ्यायला हरकत नाही, पण प्रत्येक ओळ खरी आहे का ते सुकवणाऱ्या बाईनेच तपासावे.

मावशींच्या बोलण्यावरून आम्ही कार्यालयात एक निरोप तयार केला आहे:

"सुकी सुंगटे, २५० ग्रॅम, ३०० रुपये. आमच्या किनाऱ्यावरची, मार्च-एप्रिलच्या उन्हात जाळीच्या मांडवावर सुकवलेली, वाळूवर नाही. फक्त मीठ. डोकी काढलेली. कोरडी भाजा, खोबरे, कांदा, तिखट, चिंच घाला, किसमूर तयार. पावसाळ्यासाठी १२० पाकिटे आहेत. फोन करताना 'किसमूर' म्हणा."

शेवटचा शब्द मुद्दाम घातला आहे. हॉपकिन्सच्या काळात वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला कूपन जोडून ते मोजत, कुठल्या जाहिरातीने किती माल खपला. आपण तसेच मोजू. यादीतल्या निम्म्या जुन्या गिऱ्हाइकांना नेहमीचा निरोप, निम्म्यांना हा नवा. दिवस एकच, किंमत एकच. सात दिवस "किसमूर" म्हणणारे वेगळे लिहायचे. एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला आठ आले तर त्यातून काही ठरत नाही, तेवढा फरक योगायोगानेही पडतो. सहा आणि वीस आले तर मात्र शब्दांत जोर आहे असे समजू, आणि मग चांगल्या लिहिणाऱ्याला पैसे देण्यात अर्थ आहे.

एक अट. "मांडवावर सुकवलेली, वाळूवर नाही" ही ओळ तेव्हाच पाठवायची, जेव्हा सगळी सुंगटे खरोखर मांडवावर असतील. आज निम्मीच आहेत.

पैसे द्यायचे ठरले तर

आमच्या अनुभवातून एवढे सांगतो:

निवडताना तो काय विचारतो ते ऐका. माल किती आहे, सुटतात किती, हे न विचारता "विक्री दुप्पट करून देतो" म्हणणाऱ्याला चहा देऊन परत पाठवा.

काम मोजून द्या. "सगळी जाहिरात" असे नको. पाकिटावरचा मजकूर एक, दुकानात लावायचा कागद एक, दुरुस्त्या दोन वेळा, तारीख अमुक.

निम्मे पैसे आधी, निम्मे मजकूर पसंत झाल्यावर. विक्रीवर टक्केवारी मागितली तर ती कशावर आहे ते विचारा. ३०० रुपयांवर १० टक्के म्हणजे ३० रुपये, आपल्या ६० रुपयांतले निम्मे गेले.

मजकूर कोणाचा, हे कागदावर घ्या. बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या मजकुराचा हक्क, लेखी दिल्याशिवाय, लिहिणाऱ्याकडेच राहतो. लेखी घेतले पण मुदत लिहिली नाही तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो हक्क पाच वर्षांपुरताच धरला जातो. म्हणून "कायमचा" असे लिहून घ्या.

छापण्याआधी तिघांनी वाचायचे: सुकवणारी एक बाई, विकणारी एक बाई आणि कार्यालय. तिघांतल्या एकानेही "हे खरं नाही" म्हटले तर ती ओळ बाद.

आमचे मत

१८ हजार या वर्षी देऊ नयेत. तेवढा माल आपल्याकडे नाही. ५ हजारांपर्यंत, फक्त पाकिटावरचा मजकूर आणि दुकानातला कागद, एवढे काम कोणी किनाऱ्यावर येऊन करत असेल तर द्यावे. ५ हजार भागिले ६० म्हणजे ८४ पाकिटे, २१ किलो. तेवढा जास्तीचा माल आहे आणि तो मजकूर दोन मोसम चालेल. पण त्याच्याही आधी मांडव आणि सीलचे यंत्र. वाळू लागलेले पाकीट चांगल्या शब्दांनी विकले तर फक्त जास्त लोकांना कळेल की आपल्या सुंगटांत वाळू असते.

बचतगटाच्या भगिनींना एक सांगणे. तुमचे काम चार ओळींचे नाही असे तुम्ही म्हणालात, ते खरे आहे. म्हणूनच ज्याने तुमचे काम बघितले नाही त्याच्या हातात ते द्यायचे नाही. होडीवाल्यांना एक सांगणे. सुक्या मालाला गिऱ्हाईक मिळाले तर बांगडा पडत्या दराने टाकावा लागणार नाही, म्हणून हा खर्च फक्त बायकांचा समजू नका.

येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता संस्थेच्या कार्यालयात सभा आहे. विषय तीनच: मांडव, सीलचे यंत्र, आणि मजकुराला ५ हजार. हिशेबाची वही टेबलावर ठेवली आहे, आधी येऊन कोणीही बघू शकते. राहिलेल्या २२ गिऱ्हाइकांना फोन करायला दोन माणसे हवी आहेत. ज्यांना जमेल त्यांनी कार्यालयात नाव द्यावे.

आपला,
सचिव